एम.ए. मराठीचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’: संमतीपत्रापासून पहिल्या पगारापर्यंत

मी २०२३ ते २०२५ या काळात पुण्यात मराठी विषयात एम.ए. केलं. नव्या शैक्षणिक धोरणाचा पदव्युत्तर आराखडा महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झाला, त्यामुळे आमची बॅच पहिलीच. या आराखड्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. सगळे त्याला ओजेटी म्हणतात. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास एखाद्या बाहेरच्या आस्थापनेत जाऊन काम करायचं, रोजची नोंद ठेवायची, शेवटी अहवाल लिहायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची. वाणिज्यवाल्यांना बँका आणि सीएंची कार्यालयं, विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा. मराठीच्या मुलांनी जायचं कुठे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला सीनियरही नव्हते. आता मागच्या वर्गातल्या मुलामुलींचे फोन येतात, प्रत्येकाचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये विभागाच्या फलकावर सूचना लागली. आस्थापनेचं नाव, पत्ता, तिथल्या जबाबदार व्यक्तीचं संमतीपत्र हे सगळं जानेवारीअखेर विभागात जमा करायचं होतं. जागा शोधायची विद्यार्थ्यानेच. माझं गाव उदगीर तालुक्यातलं, पुण्यात ओळखीचं असं कुणीच नाही. त्या रात्री घरी फोन केला तेव्हा अण्णांनी विचारलं, “म्हंजे फुकट काम करायचं का? अन् मराठीत काम म्हंजे काय करायचं गं?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होतं. दुसऱ्याचं माझ्याकडे नव्हतं, आणि ते मला फार लागलं. तीन वर्षं बी.ए.ची, पुढे एम.ए.चं एक सत्र, वर्गात चांगले गुण, आणि घरच्यांना साध्या शब्दांत सांगता येऊ नये की मला काय काम येतं!

विभागात ओजेटीची जबाबदारी एका मॅडमकडे होती. त्यांनी पहिल्याच बैठकीत आम्हाला एक पान लिहायला लावलं: ‘मी काय करू शकतो/शकते’. आम्ही सगळ्यांनी विषयांची नावं लिहिली. भाषाविज्ञान, साहित्यसमीक्षा, मध्ययुगीन साहित्य, टक्केवारी. मॅडमनी सगळी पानं परत दिली. म्हणाल्या, “बाहेरच्या माणसाला पेपरचं नाव वाचून काही कळत नाही. त्याला सांगा की तुमच्या हातात दोनशे पानं दिली तर तुम्ही त्यांचं काय कराल.” मग दुसऱ्यांदा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं. माझ्या शेवटच्या पानावर होतं: हस्तलिखित वाचून शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तपासू शकते, दीर्घ लेखाचा शंभर-दीडशे शब्दांत गोषवारा करू शकते, मुलाखत ऐकून जशीच्या तशी उतरवू शकते, इंग्रजीतून मराठीत साधा माहितीपर मजकूर आणू शकते, संगणकावर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर तशीच दिसणारी अक्षरं) मराठी टंकलेखन करते. शेवटची ओळ लिहिता यावी म्हणून डिसेंबरभर ग्रंथालयातल्या संगणकावर इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कळफलक शिकले. तोवर मी मोबाइलवर रोमन अक्षरांतूनच मराठी लिहायचे. ज्यांना अजून इनस्क्रिप्ट येत नाही त्यांनी आजच सुरू करा. पंधरा-वीस दिवस बोटं अडखळतात, मग बसतात. शासकीय लिपिकाच्या अनेक जागांना मराठी तीसचं (मिनिटाला तीस शब्द) टंकलेखन प्रमाणपत्र लागतंच, म्हणजे ही मेहनत दोन्हीकडे उपयोगी पडते.

त्याच महिन्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरला होता. मी आणि वर्गातली एक मैत्रीण तिथे स्टॉल फिरलो. संध्याकाळी आणि रविवारी प्रचंड गर्दी असते, बोलायला कुणाला सवड नसते. आम्ही मधल्या वारी, दुपारी बारापूर्वी गेलो. त्या वेळी स्टॉलवर बऱ्याचदा प्रकाशक स्वतः बसलेले असतात. कुणी म्हणालं, “आमच्याकडे दोनच माणसं, तुम्हाला शिकवणार कोण?” कुणी म्हणालं, “विक्रीला उभ्या राहाल का?” एकांनी माझं पान पूर्ण वाचलं. सदाशिव पेठेत त्यांचं छोटं प्रकाशन आहे. संपादनाचं काम साठीतले एक गृहस्थ पाहतात, सगळे त्यांना काका म्हणतात, पुढे मीही म्हणायला लागले. काकांनी पिशवीतून जुळणीची, म्हणजे छपाईसाठी टाइप करून मांडलेली, चार पानं काढून दिली. “तपासून आणा. पेन्सिलीनेच.”

मी ती पानं रात्री दोनपर्यंत वाचली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर सापडल्याच, पण एके ठिकाणी पात्राचं आडनाव दुसऱ्या पानावर बदललं होतं, तेही मी समासात लिहिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी शुद्धलेखनाच्या खुणांकडे फारसं पाहिलं नाही. आडनावापाशी बोट ठेवून म्हणाले, “हे बरं पाहिलंत. जानेवारीत या.” आनंद झाला तो किती, हे सांगता येणार नाही. बसमध्ये बसल्या बसल्या अण्णांना फोन केला.

पुढे कागदपत्रांचा टप्पा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सगळ्यांचे दिवस जातात. आधी विभागाचं शिफारसपत्र लागतं. ते लेटरहेडवर, जावक क्रमांकासह आणि विभागप्रमुखांच्या सहीने. ते घेऊन आस्थापनेत जायचं आणि त्यांचं संमतीपत्र आणायचं. मग विद्यार्थ्याचं हमीपत्र, मग रुजू झाल्याचा अहवाल. आमच्याकडे शिफारसपत्राचा मसुदाच ठरलेला नव्हता, तो ठरेपर्यंत जानेवारी निम्मा गेला. प्रकाशकांना वेगळी काळजी होती: अप्रकाशित हस्तलिखितं माझ्या हाताखालून जाणार, ती बाहेर गेली तर? त्यांनी विद्यापीठाबरोबर रीतसर करार मागितला. तसा करार व्हायचा तर फाइल विभागाबाहेर जाणार आणि सत्र संपेपर्यंत परत येणार नाही, असं कार्यालयातल्या क्लार्कभाऊंनी स्पष्ट सांगितलं. त्यांनीच वाट सुचवली: करार नको, मी व्यक्तिशः गोपनीयतेचं हमीपत्र शंभर रुपयांच्या मुद्रांकावर द्यावं. प्रकाशकांना ते चाललं. मुद्रांकाचे शंभर, टंकन आणि नोटरीचे मिळून अडीचशे, असा साडेतीनशेला तो प्रश्न सुटला. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा लागू लागला आहे, तेव्हा मुद्रांक घेण्याआधी विचारा, की साध्या कागदावरचं हमीपत्र चालेल का. पुष्कळ ठिकाणी चालतं.

दुसरा अडथळा अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जिथे साठतात त्या ऑनलाइन खात्याचा. क्रेडिट जमा व्हायला बारा अंकी एबीसी क्रमांक लागतो आणि तो डिजिलॉकरमधून, आधारवरच्या नावाने निघतो. माझ्या आधारवर वडिलांचं नाव नव्हतं, विद्यापीठाच्या नोंदीत होतं. ते जुळवण्यासाठी आधार केंद्रात पन्नास रुपये शुल्क आणि दोन-अडीच आठवडे गेले. काम थांबलं नाही, पण रोज मनात धाकधूक असायची की शेवटी क्रेडिट खात्यावर चढणारच नाहीत. पहिल्या सत्रातच ही नावं ताडून बघितलेली बरी.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात रुजू झाले. सकाळी आठपासून बारापर्यंत वर्ग, मग मेसचं जेवण, आणि ठरलेल्या दिवशी दोनपासून सहापर्यंत प्रकाशनात. मेसचे पैसे तसेही जात होते, बसला त्या दिवशी तीस-चाळीस रुपये वाढले.

पहिला पंधरवडा फक्त मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी पानांतल्या चुका शोधणं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ साली वाढवलेले चार, असे अठराही नियम मी परीक्षेसाठी पाठ केलेले होते. कामाला बसल्यावर कळलं की नियम येणं ही सुरुवात आहे. लेखकाने बोलीतले संवाद लिहिलेत तिथे नियम लावायचा नाही. निवेदनात ‘केलं-गेलं’ वापरलंय की ‘केले-गेले’, ते ठरवून शेवटपर्यंत तेच राखायचं. अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, संख्या अंकांत की अक्षरांत, परभाषेतली विशेषनामं कशी लिहायची, हे प्रत्येक पुस्तकासाठी एका कागदावर लिहून समोर ठेवायचं. काकांनी मला पहिल्या वाचनात फक्त अक्षरं पाहायला सांगितली, दुसऱ्या वाचनात अर्थ, आणि तिसऱ्यात केवळ शीर्षकं, पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका. “एकाच वाचनात सगळं बघणाऱ्याचं काहीतरी निसटतंच,” ते म्हणायचे. आजही मी असंच वाचते.

मार्चमध्ये त्यांच्या जुन्या पुस्तकांचं ई-बुक करायचं काम निघालं. नव्वदच्या दशकातली ही पुस्तकं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली. फाइल युनिकोडमध्ये फिरवली की ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ हमखास मोडतात, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे जाऊन बसते, कुठे रफार हरवतो. पान पान हाताने दुरुस्त करत बसण्यात दिवस जात होते. मी कोणतं रूप दर वेळी कसं मोडतं याचा तक्ता केला आणि ‘शोधा व बदला’ने एकेक प्रकार पूर्ण पुस्तकातून काढायला लागले. सगळं त्याने होत नाही, शेवटी डोळ्यांनी वाचावंच लागतं. पण पहिल्या पुस्तकाला जितका वेळ लागला त्याच्या निम्म्यात दुसरं झालं. तक्ता करताना मला भाषाविज्ञानाच्या तासाला काढलेल्या जोडाक्षरांच्या मांडणीचा थेट उपयोग झाला. वर्गात शिकलेलं कामात उतरताना दिसलं तो हा पहिला प्रसंग.

मग बारीकसारीक कितीतरी. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, अर्ज कसा करायचा ते शिकले. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि त्याला शुल्क नाही. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रकाशकाने स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. पाकिटांवर पत्ते मी लिहिले, टपालात टाकून पावत्या फाइलला लावल्या. मलपृष्ठावरचा मजकूर लिहिला. त्याचे पाच मसुदे परत आले, सहावा छापला गेला. एप्रिलमध्ये एका माहितीपर पुस्तकाचा यंत्राने केलेला अनुवाद सुधारायला दिला. वाक्यं वरवर बरोबर वाटत होती. तीन पानं वाचल्यावर डोकं दुखायला लागायचं, कारण क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत कर्ता विसरलेला असायचा. मूळ इंग्रजी शेजारी ठेवून मी परिच्छेद मोडून नव्याने लिहिले. हे काम यापुढे वाढतच जाणार असं काका तेव्हाच म्हणाले होते.

आता दैनंदिनीबद्दल, कारण या सगळ्या उपक्रमात मला सर्वांत जास्त उपयोग तिचा झाला. विद्यापीठाच्या नमुन्यात तारीख, वेळ, कामाचं स्वरूप आणि सही एवढेच रकाने होते. मॅडमनी आम्हाला वेगळी वही करायला सांगितली आणि दर शनिवारी त्या ती प्रत्यक्ष वाचत. रोज किती पानं किंवा किती शब्द झाले, काय अडलं, कुणाला विचारलं, काय ठरलं. ‘मुद्रितशोधन केलं’ असं लिहिलेलं त्यांना चालत नसे. ‘चोवीस पानं, दुसरं वाचन, तळटीपांचे क्रमांक चुकलेले, लेखकाला फोन करून खात्री केली’ असं लिहायला लावत. थकून खोलीवर आल्यावर हे लिहायचा मला फार कंटाळा यायचा. तरी लिहिलं. ही वही पुढच्या वर्षी मुलाखतीत बोलली.

सगळ्यांचं असं जमलं नाही, आणि ते सांगायलाच हवं. वर्गातल्या एका मैत्रिणीला एका संस्थेने झेरॉक्स काढणं आणि पार्सल बांधणं एवढंच काम दिलं. तास भरले, प्रमाणपत्र मिळालं, शिकायला काही मिळालं नाही. तिच्या संमतीपत्रावर ‘कार्यालयीन कामकाज’ एवढेच दोन शब्द होते, त्यामुळे विभागालाही हरकत घेता येईना. माझ्या पत्रावर काकांनी मुद्रितशोधन, फाइल रूपांतर आणि मजकूरलेखन अशी कामं नावानिशी लिहिली होती. संमतीपत्र घेताना हे आवर्जून लिहून घ्या.

दुसरी गोष्ट पैशांची. आमच्यातली कितीतरी मुलं विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत तासांवर पैसे मिळणारं काम करून राहत होती, काही जण संध्याकाळी दुकानात किंवा शिकवणीवर जात. दुपारचे चार तास बिनपगारी द्यायचे म्हणजे त्यांच्या मेसच्या पैशांवर गदा. एका मुलाने दुपारचं काम सोडून ओजेटी केलं आणि दोन महिने मित्रांकडून उसने घेऊन काढले. माझा स्वतःचा प्रवास, छपाई, मुद्रांक, बांधणी धरून चार हजारांच्या आसपास खर्च झाला. अण्णांनी तो सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, पाठवला. ज्या विद्यापीठाला भाषेच्या मुलांना रोजगारक्षम करायचं आहे त्याने निदान बसभाडं तरी द्यावं, असं मला मनापासून वाटतं. निदान ‘कमवा व शिका’चे तास ओजेटीला जोडता येतील, अशी सोय तरी व्हावी.

एप्रिलअखेर माझे तास पूर्ण झाले आणि मग वाट पाहणं सुरू झालं. लोकसभेच्या निवडणुका होत्या. पुण्यात मतदान १३ मे २०२४ ला होतं आणि विभागातल्या बहुतेकांना निवडणुकीची ड्यूटी लागली होती. माझ्या मार्गदर्शक सरांचं प्रशिक्षण, मग ड्यूटी, मग आमच्या लेखी परीक्षा. अहवालावर सही मिळेना. अहवाल साधारण चाळीस पानांचा: आस्थापनेची ओळख, केलेली कामं, दोन कामांचं सविस्तर विवेचन, दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे नमुने, प्रमाणपत्र, हजेरीपत्रक. नमुने लावण्याआधी प्रकाशकांची लेखी परवानगी घेतली, हमीपत्र दिलेलं असल्यामुळे ती लागणारच होती. तीन प्रती स्पायरल बांधून साडेसहाशे रुपये झाले. तोंडी परीक्षा जूनमध्ये, मतमोजणीनंतर, झाली. बहिःस्थ परीक्षकांनी ई-बुकचा तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, की हा तक्ता दुसऱ्या प्रकाशनाच्या फाइलला लागू पडेल का. मी म्हटलं, फॉन्ट तोच असेल तर पडेल, नाहीतर पहिली वीस पानं तपासून नव्याने करावा लागेल. ते “ठीक” म्हणाले आणि वही मिटली. बाहेर आल्यावर गुणांपेक्षा मला याचंच समाधान वाटत होतं, की प्रश्न कामाबद्दल आला आणि उत्तर मी केलेल्या कामातून आलं.

पुढचं वर्ष थोडक्यात. काकांनी तिसऱ्या सत्रापासून मला घरी वाचायला पानं द्यायला सुरुवात केली, पानाला बारा रुपये. रक्कम मोठी नव्हती, पण मेसचा निम्मा खर्च त्यातून निघायचा. संशोधन प्रकल्पासाठी मी अनुवादित पुस्तकांच्या मुद्रितांमधल्या दुरुस्त्यांचं वर्गीकरण घेतलं, म्हणजे ओजेटीची वहीच पुढे चालू राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. आम्ही विभागात पेढे वाटले. गावाकडून फोन आले, “आता तुमच्या नोकऱ्या निघणार म्हणा!” आनंद खराच होता. या दर्जामुळे संशोधन केंद्रं, प्राचीन ग्रंथांचं काम, पुरस्कार यांना बळ मिळतं. एम.ए. झालेल्या मुलीला सोमवारपासून काम मिळण्यासाठी मात्र तिला कामाची सवय हवी आणि ती सवय पाहिलेला कुणीतरी बाहेरचा माणूस हवा. मला हे दोन्ही त्या १२० तासांनी दिलं.

एप्रिल २०२५ पासून मी अर्ज करायला लागले. अर्जासाठीचं पान तेच, डिसेंबर २०२३ चं, फक्त आता प्रत्येक ओळीसमोर काम आणि आकडे होते. अनुवाद आणि स्थानिकीकरण (अ‍ॅप, सूचना वगैरे मजकूर स्थानिक भाषेत आणणं) करणाऱ्या संस्था आधी चाचणी पाठवतात. अडीचशे-तीनशे शब्दांची चाचणी रास्त समजावी. एकीने मला चाचणी म्हणून संपूर्ण माहितीपुस्तिका पाठवली, ती मी नम्रपणे नाकारली. पुष्कळ ठिकाणांहून उत्तरच येत नाही. मे-जूनचे ते आठवडे फार जड गेले. खोलीचं भाडं चालू, निकाल लागलेला नाही, घरी बोलणं टाळायचे मी.

वर्गातले काही जण त्याच सुमारास मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेकडे वळले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पदवीधर आणि पदव्युत्तर उमेदवाराला महिना दहा हजार विद्यावेतन मिळतं. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढून अकरा महिने झाली. शिक्षण चालू असताना अर्ज करता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. काही जण नेट-सेटच्या तयारीला लागले, काहींनी बी.एड.ला प्रवेश घेतला. ओजेटीने सगळ्यांना नोकरी लावली असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

जुलैमध्ये पुण्यातल्याच एका स्थानिकीकरण संस्थेतून मुलाखतीला बोलावलं. समोर दोघी होत्या. साहित्याबद्दल एकच प्रश्न आला. बाकी सगळं असं: तासाला किती शब्द तपासता? शंका आली तर आधी काय करता? एकाच शब्दाची दोन रूपं दोन फाइलींमध्ये दिसली तर कोणतं ठेवाल? ग्राहकाने चुकीचं रूप आग्रहाने मागितलं तर? मी बरोबर नेलेली दैनंदिनी उघडली आणि त्या त्या दिवसाची नोंद दाखवत उत्तरं दिली. त्यातल्या एकीने वही हातात घेऊन मागची पानं चाळली. “ही तुम्हाला कुणी लिहायला लावली?” मी मॅडमबद्दल सांगितलं. संदर्भासाठी काकांचा नंबर दिला होता. त्यांना दुसऱ्याच दिवशी फोन गेला, आणि आठवड्याने मला. महिना बावीस हजार, सहा महिने परिवीक्षा. ऑगस्टपासून तिथे आहे. अ‍ॅपमधला, बँकेच्या सूचनांमधला, रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांमधला मराठी मजकूर तपासते. गावाकडचं माणूस तो वाचून अडणार तर नाही ना, हे बघणं मला महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी भांडायची वेळ आली तर मी भांडते.

पहिल्या पगारातून उसने आणि भाडं दिलं. अण्णांना आता विचारणाऱ्यांना उत्तर देता येतं. ते म्हणतात, “मोबाइलात जी मराठी येते ना, ती आमची पोरगी तपासून देती.”

ज्यांचं दुसरं सत्र येत्या जानेवारीत सुरू होणार आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच आपलं एक पान लिहून काढावं आणि सुट्टी संपताच प्रत्यक्ष भेटी सुरू कराव्यात. ई-मेलला बहुतेक लहान प्रकाशक उत्तर देत नाहीत. डिसेंबरात संमतीपत्र हातात असलं तर सह्यांसाठी महिनाभर मिळतो. संमतीपत्रावर कामांची नावं, दररोजची वेळ, तिथे तुमचं काम रोज बघणार असलेल्या व्यक्तीचं नाव आणि मोबाइल क्रमांक या गोष्टी हव्यातच. प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच, शिक्क्यासह घ्या. नंतर आणायला गेलं की शिक्का सापडत नाही. आणि विभागात विचारा की आधीच्या बॅचची मुलं कुठे गेली होती आणि त्यांना काय काम मिळालं याची नोंद आहे का. आमच्याकडे मॅडमनी त्यासाठी एक रजिस्टर ठेवलं आहे, त्यात चांगले अनुभव आणि वाईट अनुभव दोन्ही लिहिलेले आहेत. तुमच्याकडे नसेल तर तुमच्या बॅचपासून सुरू करा.